प्रकृती स्थिर

तिसरं पत्र आलं तेव्हा मी हेरिंग मासे चिरत होते. तशीच, सुरी हातात घेऊन, फाटकापर्यंत गेले. पोस्टमन दोन पावलं मागे सरला.

"माझ्यावर कशाला, ईलिश? मी नुसता आणून देतो," तो म्हणाला.

फोडून वाचलं. तोच छापा, तीच ओळ. 'आपल्या मातोश्रींची प्रकृती स्थिर असल्याचे दिसून येत असल्याने आपल्या भगिनीस विशेष परवानगीने बेटावर प्रवेश देता येत नाही.' खाली सही, तीसुद्धा छापलेली. तीनदा अर्ज केला आणि तीनदा वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या.

प्रकृती स्थिर म्हणे! आत माझी आई चमचाभर रस्सा गिळून दमत होती. मार्चमध्ये ती स्वतः उठून खिडकीशी बसायची. एप्रिलमध्ये मी धरून बसवायला लागले. आता जून उजाडला होता आणि ती बसतच नव्हती. पोटातला रोग, वय सत्त्याऐंशी. डॉक्टर साथीपायी घरी येत नव्हते, फोनवरच गोळ्या वाढवून देत होते. आईला आता एकच हवं होतं, माझी धाकटी बहीण ब्रीशा. ती वीस वर्षांपूर्वी लिव्हरपूलला गेली आणि तिथलीच झाली. सकाळच्या बोटीत बसली तर दुपारच्या चहाला घरी पोचेल एवढंच अंतर. पण तिच्याकडे बेटाचा रहिवासी दाखला नाही, म्हणून ती परकी. परक्यांना दार बंद. घरात माणूस अखेरच्या घटकेला असेल तरच विशेष परवानगी.

आता सरकारने दार लावलं म्हणून आम्ही ओरडत होतो असं कुणी समजू नये. पहिल्या वर्षी आम्हीच टाळ्या वाजवल्या. संताप आला तो पुढे. सोमवारी एक नियम, गुरुवारी दुसरा. शेजारच्या फिनलोचा पब बंद, पण गोल्फचं मैदान चालू. चॅपेलात गायला बंदी, पण मंत्र्यांच्या बैठकीत खोकत बसायला परवानगी. आणि विचारायला जावं तर प्रत्येकजण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणार. ऐंशी हजार माणसांचं बेट आमचं! मंत्री कुणाच्या वर्गात होता, कुणाच्या बहिणीला त्याने नकार दिला होता, सगळं सगळ्यांना ठाऊक. तरी आमच्याशी बोलायचे ते असे, जसे सम्राटाच्या तख्तावर बसलेत.

त्यात मे महिन्यात ती गाडी आली. काळ्या काचांची, सकाळच्या बोटीतून उतरलेली. धक्क्यावर काम करणाऱ्या एकाने ती स्वतः पाहिली. तपासणीच्या रांगेत न थांबता ती थेट बाहेर गेली आणि उत्तरेकडे, जिकडे मोठमोठे बंगले आहेत तिकडे वळली.

"मंत्र्याचा मेव्हणा," फिनलो म्हणाला.

"मेव्हणा कशावरून?"

"अगं, मग काळ्या काचा कशाला? तुझी बहीण काळ्या काचांतून येते का?"

फिनलो क्रेजीनचा पब माझ्या धुरीच्या खोलीला लागून आहे. पीलच्या बंदरावर आम्ही दोघं तीस वर्षं शेजारी. मी हेरिंग चिरून, खारवून, ओकच्या भुशाच्या धुरावर टांगते. तो बिअर ओततो, म्हणजे ओतायचा. वर्षभर त्याच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या पडल्या होत्या आणि त्याला दिवसभर बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला तर संशयाला ती गाडीच पुरली. पाणी कुठेतरी मुरत होतं एवढं नक्की. माझ्या आईला न बघता कुणीतरी तिची प्रकृती स्थिर ठरवत होतं. का? मी काही बोलले होते म्हणून? रेडिओवर फोन करून मंत्र्याला लांबशेपट्या म्हटलं होतं म्हणून? (त्या बिळात राहणाऱ्या प्राण्याचं खरं नाव आमच्याकडे तोंडाने घेत नाहीत, पण कुणाला काय म्हटलं ते सगळ्यांना कळलं.) की पलीकडच्या गल्लीतल्या टीअरबाईने काही कळवलं? ती बाई खिडकीत वही घेऊन बसायची. कोण दिवसातून दोनदा फिरायला गेलं, कुणाच्या घरी कोण आलं, सगळं पोलिसांना. माझ्या घराकडे बघून ती पडदा हलवायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिसऱ्या पत्रानंतर मी ठरवलं. टेकडीवर जायचं.

पाच जुलैला टिनवाल्डच्या टेकडीवर उघड्या आभाळाखाली आमचं सगळं सरकार बसतं. गवताची पाती पसरलेल्या वाटेवरून मिरवत येतं, प्रत्येकाच्या कोटाला रानदवण्याची काडी. आणि त्या दिवशी बेटावरचं कुणीही, अगदी कुणीही, आपलं गाऱ्हाणं कागदावर लिहून टेकडीच्या पायथ्याशी जाऊन देऊ शकतं. घ्यावंच लागतं त्यांना. हजार वर्षांची रीत आहे. माझ्या आजोबांनी मासेमारीच्या जाळ्यांवरून दिलं होतं.

मी लिहिलं, 'परवानग्या कुणाला दिल्या, कुणाला नाकारल्या आणि कशाच्या आधारावर, ते सरकारने जाहीर करावं.' फिनलोने त्यात मेव्हणा घालायला लावला. मी घातला. खाली पहिली सही माझी. मग दुकानाच्या खिडकीशी वही ठेवली. जो किपर, म्हणजे धुरी दिलेला हेरिंग, घ्यायला येईल त्याने सही करायची. नाही केली तर मी त्याला लहानातले लहान मासे द्यायची.

लोक आले. कुणाचा मुलगा पलीकडे अडकलेला, कुणाचं लग्न तीनदा पुढे गेलेलं, कुणी मित्राच्या घरी गेला म्हणून चार आठवडे तुरुंगात बसून आलेला. सही करता करता प्रत्येकजण आपलं दुखणं सांगायचा आणि जाताना म्हणायचा, "सोडू नकोस त्यांना, ईलिश." रेडिओवाल्यांनी मला दोनदा बोलावलं. जूनच्या मध्याला अकराशे सह्या झाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी एवढं विचारलं नव्हतं.

आई आतून विचारायची, "ब्रीशा आली का?"

"बोटीला उशीर आहे, आई."

"मूर्ख समजतेस काय मला? बोटीला कधी दोन महिने उशीर होतो का?"

तेव्हा ती अजून अशी बोलत होती. रोज संध्याकाळी मी ब्रीशाला फोन लावून तिच्या कानाशी धरायची. ब्रीशा आईशी भरभरून बोलायची. माझ्याशी मात्र मोजकंच. "हो. बरं. कळलं." मला वाटायचं, बिचारी रडू आवरतेय.

फिनलोनेच सुचवलं. "तुझे कागद मागव. कायदाच आहे, आपल्याबद्दलचे कागद मागता येतात. त्यांनी काय काळंबेरं केलंय ते हातात आलं की टेकडीवर नाचव."

मागवले. आठवड्याने एकच पान आलं. अर्जाची तारीख, नकाराची तारीख आणि मध्ये एक ओळ. 'रुग्णाच्या स्थितीबाबत माहिती: घरातील देखभाल करणाऱ्या व्यक्तीकडून, दूरध्वनीवर, तीन वेळा.'

मी दोनदा वाचलं. मग हसले. घरात देखभाल करणारी एकटी मीच! सापडले, चोर सापडले! कुणाला तरी माझ्या नावाने बोलायला लावलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर टीअरबाई तिच्या पडद्यासकट उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आईजवळ फिनलोच्या बायकोला बसवून मी डग्लसच्या बसमध्ये बसले. परवानगीच्या ऑफिसात वोरी स्किलिकॉर्न नावाची मुलगी होती. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल. तिच्या आजीबरोबर माझी आई चॅपेलात गायची, त्यामुळे मला ती ओळखत होती आणि मी तिला.

"कोण बोललं माझ्या नावाने?" मी उभ्यानेच विचारलं. "नाव सांग, नाहीतर पाच तारखेला सगळ्या बेटासमोर विचारीन."

"बसा ना, ईलिशबाई."

"बसायला नाही आले मी."

तिने कानाला लावायचं यंत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ते फोन रेकॉर्ड होतात. तुमच्या तीन अर्जांच्या वेळचे तिन्ही आहेत. तुमचा हक्क आहे, ऐका."

मी ते कानाला लावलं.

बाईचा आवाज. 'आरोग्य खात्याच्या फोनसेवेतून बोलतेय. आई कशी आहे तुमची?'

'वाईट नाही.'

'जेवण वगैरे?'

'चाललंय.'

'काही मदत हवी आहे का?'

'नको, नको. करतो आम्ही.'

मागे समुद्रपक्षी ओरडत होते. मासे फळीवर आपटल्याचा आवाज होता. धुराने लागणारा खोकला होता, आणि तो खोकला माझा होता.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "हल्ली यंत्रावर काहीही बनवतात."

वोरीने दुसरा लावला. पुन्हा तेच. 'वाईट नाही.' मग तिसरा, दोन जूनचा.

'बऱ्याच खालावल्यात का हो?'

'वय झालं आता. तक्रार करण्यासारखं नाही काही.'

'घरचं कुणी तातडीने यावं असं वाटतं का?'

सुरीचा आवाज. मग मी म्हणते, 'तातडी कसली? मी आहे ना.'

मी यंत्र काढून ठेवलं. खाली बसले.

दर आठवड्याला तो फोन यायचा हे मला आठवत होतं. घरी म्हातारं माणूस असलेल्या सगळ्यांना यायचा. मला वाटायचं, चौकशीचा फोन आहे, चांगलं आहे. हात माशांच्या घाणीत, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये. कोण विचार करून बोलतं? आमच्याकडे कसं काय विचारलं तर दुसरं उत्तरच नाही. माझ्या वडिलांचा पाय बोटीच्या दोरखंडात सापडून गुडघ्याखाली तुटला. त्यांना धक्क्यावर आणलं, लोकांनी विचारलं, कसा आहेस, तर रक्ताच्या थारोळ्यात पडलेला माणूस म्हणाला, वाईट नाही. आम्ही त्यांच्या मागे ते कौतुकाने सांगतो. परक्याला रडगाणं सांगायचं नाही, ही आमची मिजास.

"हा फोन परवानगीसाठी वापरतात, असं तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?" वोरीने विचारलं.

"नाही."

"सांगायला हवं होतं." तिने मान खाली घातली. "मी स्वतः वर बोलले होते. फोनवर कुणी खरं सांगत नाही इथे, माणूस पाठवा म्हणून. पण माणसं नाहीत म्हणाले."

मला तिच्यावर ओरडायचं होतं.

मग तिने पेन उचललं. "आता मी विचारते. आई कशी आहे?"

देवाशप्पथ सांगते, तेच शब्द जिभेवर आले. गिळले. म्हणाले, "मरतेय." मार्चपासून पहिल्यांदा म्हणाले. डॉक्टरांना नाही, फिनलोला नाही, स्वतःलाही नाही. "पंधरा दिवस काढेल की नाही ठाऊक नाही. मरतेय ती."

वोरीने लिहून घेतलं. दोन तासांत परवानगी हातात. दोन तासांत! मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून होते, तिने खाली आणून दिली. सोबत अटी. ब्रीशा घरात आली की घरातल्या सगळ्यांनी चौदा दिवस दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बोट बावीस तारखेची. मी बोटांवर मोजलं. सहा जुलै.

"पाच तारखेला मला टेकडीवर जायचंय," मी म्हणाले.

"मग बहिणीला नंतर बोलवा," वोरी म्हणाली. "नाहीतर टेकडी सोडा. दोन्ही जमणार नाही."

मी तिच्याकडे रोखून बघितलं. मुद्दाम केलंय का हे? मला घरात कोंडायला? तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आजही कधीकधी मी तो हिशोब बोटांवर करून बघते. दिवस बरोबर चौदाच भरतात, पण मन काही भरत नाही.

फिनलोला मी एवढंच सांगितलं की ब्रीशाला परवानगी मिळाली, आता टेकडीवर तू जा. रेकॉर्डिंगचं सांगितलं नाही. अकराशे माणसांसमोर मी काय सांगणार होते? त्याने वही हातात घेऊन चाळली.

"तीनदा नाही आणि चौथ्यांदा एका दिवसात हो?"

"हो."

"आणि पाच तारखेला तू आत."

"हो, फिनलो."

"अरे वा," तो म्हणाला आणि गेला.

ब्रीशा आली. दारात उभी राहिली, तोंडावर मास्क, हातात एक लहानशी बॅग. किती बारीक झाली होती. मी तिला मिठी मारायला गेले तर तिने बॅग मध्ये धरली. मला वाटलं, नियमांना घाबरली. ती सरळ आत गेली.

आठवड्यापूर्वीची आई आता उरली नव्हती. गोळ्या वाढवल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले. ब्रीशा पलंगाशी बसली, तिचा हात धरला, मास्क ओढून काढला आणि म्हणाली, "आई, मी आलेय."

आईने बराच वेळ बघितलं. मग अगदी अदबीने, नर्सशी बोलावं तसं, म्हणाली, "माझी धाकटी यायचीय. तुम्ही जाऊ नका हं तोवर."

"आई, मीच ब्रीशा."

"येईल," आई म्हणाली. "बोटीला उशीर आहे."

ते शेवटचं धड वाक्य. त्यानंतर सहा दिवस ब्रीशाने तिचं सगळं केलं. मला हात लावू दिला नाही. रात्रंदिवस हात धरून बसली, लहानपणीची गाणी म्हटली, केस विंचरले. आईला ते कोण करतंय हे कळलं नाही. अठ्ठावीस तारखेला सकाळी ती गेली. शवपेटी न्यायला चौघे आले, पांढऱ्या झग्यांत. आम्ही दोघी उंबऱ्याच्या आत उभ्या राहिलो. एक पाऊल पुढे टाकलं तर तुरुंग. पलीकडच्या खिडकीत टीअरबाई उभी होती. तिच्या हातात वही नव्हती, ती रडत होती. मला तिचाही राग आला.

दोन महिने आधी आली असती तर. दोन महिने आधी आई खिडकीशी बसून हिच्याशी भांडली असती, हसली असती, तिला माझ्या चहाला नावं ठेवून दाखवली असती. हे मी मनात म्हणत होते आणि ब्रीशा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून तेच म्हणत असेल, हेही मला कळत होतं. सांगायला हवं होतं. पेटी गेल्यावर सांगीन म्हटलं. मग म्हटलं, उद्या. असे सात दिवस गेले. एका घरात दोघी, मीठ दे, दिवा घालव, याच्या पलीकडे शब्द नाही.

पाच तारीख आली. रेडिओवर टेकडीचा कार्यक्रम लागला होता, मी तो बंद केला. दुपारी फिनलो कुंपणाच्या भिंतीपलीकडे येऊन उभा राहिला. चांगला कोट, कोटाला रानदवण्याची काडी. मी मागच्या दारात गेले.

"दिला कागद," तो म्हणाला. "घेतला त्यांनी. पहिली सही कुणाची म्हणून नाव वाचलं आणि विचारलं, ईलिश किनविग आल्यात का? मी म्हटलं, नाही. मागे लोक हसले, ईलिश."

"का हसले?"

"का म्हणजे? सगळ्या बेटाला कळलंय. अकराशे लोकांच्या सह्या दाखवल्यास आणि आपलं काम करून घेतलंस. बहीण आत, तोंड बंद. तुझा सौदा झाला, आमच्या तोंडाला पानं पुसलीस."

"सौदा नाही झाला, फिनलो."

"मग काय झालं? चौथ्यांदा कसं काय हो म्हणाले? सांग ना!"

आणि मी सांगितलं. भिंतीपलीकडे, ओरडून, बंदरापर्यंत ऐकू जाईल असं. "माझी चूक होती! मीच सांगितलं होतं त्यांना! तीनदा फोन आला आणि तीनदा मीच म्हटलं, वाईट नाही, चाललंय! माझा आवाज आहे त्यात, मी कानांनी ऐकलाय! कुणी मेव्हणा नाही, कुणी टीअरबाई नाही, मीच!"

फिनलोने मान हलवली, हळूहळू.

"चांगलं पढवलंय तुला," तो म्हणाला. "आवाज ऐकवला म्हणे. आणि तू विश्वास ठेवलास?"

"अरे, माझा खोकला होता त्यात!"

"खोकला," तो म्हणाला. "बरं." कोटाची काडी काढून त्याने भिंतीवर ठेवली आणि निघून गेला. तीस वर्षांचा शेजार. त्यानंतर माझ्याकडून त्याने किपर घेतला नाही. त्या काळ्या काचांच्या गाडीत कोण होतं ते मला आजही ठाऊक नाही.

मी वळले तर ब्रीशा दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिने. मी म्हटलं, आता होऊन जाऊ दे.

"ब्रीशा, मी तुला सांगणारच होते. खरंच, रोज..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"दुसऱ्या नकारानंतर मी परवानगीच्या ऑफिसातल्या बाईला फोन केला होता. भांडले तिच्याशी. ती म्हणाली, तुमच्या घरूनच सांगतात की सगळं ठीक आहे. तुमची बहीणच सांगते." ती खुर्चीवर बसली. "एप्रिलपासून माहीत आहे मला."

"मग मला विचारलं का नाहीस? एका शब्दाने विचारायचंस! मी त्याच दिवशी त्यांना..."

"विचारून काय केलं असतंस? नाही म्हणाली असतीस. रेडिओवर तर तू सरकारला शिव्या देत होतीस, सगळ्यांसमोर माझ्यासाठी रडत होतीस. मी ऐकत होते ते लिव्हरपूलला. मला वाटलं, किती छान जमतंय हिला."

"तुला वाटलं, मी मुद्दाम केलं?"

ब्रीशा टेबलावरचे खरकटे कण बोटाने गोळा करत राहिली.

"बाबा गेले तेव्हा मी चार दिवसांसाठी आले होते," ती म्हणाली. "आई चारही दिवस माझ्याजवळ झोपली. तू मला धक्क्यावर सोडायला आलीस आणि म्हणालीस, वर्षभर मी करते आणि चार दिवसांत तू घेऊन जातेस. आठवतं?"

आठवत होतं. रागाने बोलले होते, पण बोलले होते.

"म्हणून मला वाटलं," ती म्हणाली, "शेवटी तरी आई आपल्या एकटीची असावी, असं तुला वाटत असेल."

"ब्रीशा, आईची शपथ घेऊन सांगते. तो फोन कशाचा आहे हे मला माहीतच नव्हतं. सवयीने बोलले गं मी. आपल्याकडे सगळे बोलतात तसं. तू पण बोलतेस!"

"तिसऱ्या वेळी त्यांनी काय विचारलं होतं?"

मी टेबलावरचे कप उचलायला लागले.

"विचारलं असेल ना, घरच्या कुणाला बोलवायचं का म्हणून? ती बाई म्हणाली होती, पुढच्या वेळी आम्ही तसं स्पष्ट विचारू. तू काय म्हणालीस?"

मी दोन महिने अख्ख्या सरकारला हेच विचारत होते. कुणी काय सांगितलं, कधी सांगितलं, का सांगितलं. आता प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यापुढे होता. खोटं बोलता आलं असतं. ते रेकॉर्डिंग माझ्याशिवाय कुणाला मागवता येत नाही.

"मी म्हटलं, तातडी कसली, मी आहे ना."

ब्रीशाने मान डोलावली, दोनदा. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मुद्दाम नाही म्हटलं," मी म्हणाले. "तुला खरं वाटतं ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. तशी नजर मी ओळखते. माझ्या दुकानाच्या खिडकीतून मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे तसंच बघत होते, सगळा उन्हाळा.

"वाटायला हवंय मला," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि उद्याच्या बोटीसाठी बॅग भरायला लागली.